काक्षी, राजन्य आणि मधुवंतीबाईंचे डोळे

मधुवंतीबाई पांढरीपांडे यांच्याशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि त्या भांडणात मी हरलो. हरलो ते बरंच झालं.

बाई तेव्हा वारासिवनीकडच्या एका सरकारी धान्य गोदामात नमुने तपासायच्या. घर बालाघाटचं, जुनं मराठी नोकरदारांचं. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत. बोलणं छापील, साडीला कडक इस्त्री, आणि नजर अशी की समोरच्याचा हात आपोआप शर्टाच्या बटणाकडे जावा. मी कटंगीकडच्या खेड्यातला. शाळा आठवीत सुटली, कायदा शिकलो तो कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसून. गावात रेशनला तांदूळ आला होता, नुसती कणी आणि खडे. मी मूठभर उचलला, बस पकडली आणि बाईंच्या टेबलावर मूठ आपटली.

"मी कटंगीकडचा गजेंद्र. बाई, हा जनावराले तरी घालता का?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कटंगीपासून मुठीत धरून आणलात? घामानं ओला झालेला तांदूळ मी कशाशी ताडून बघू? टाका तो बाहेर."

माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला. बाईंनी तो ऐकलाच नाही. त्या उठल्या, पोत्यात खुपसायची लोखंडी नळी, जिला परखी म्हणतात, ती घेतली आणि त्याच तांदळाची गोदामात उरलेली थप्पी गाठली. वरच्या, मधल्या, खालच्या पोत्यातून दाणे काढले आणि काळ्या ताटात पसरले. शेजारी दुसरं ताट ठेवलं, त्यात मंजूर नमुना. मग मला जवळ बोलावलं.

"एकट्या दाण्याला प्रत नसते, गजेंद्र. शेजारी दुसरा ठेवला की प्रत कळते. आता ओरडा, काय ओरडायचं ते."

दोन ताटं बघून आंधळ्यालाही कळलं असतं. त्या संध्याकाळी बाईंनी सगळा माल परत पाठवला. वरून फोन आले, बाई हलल्या नाहीत. तेव्हापासून मी कुठल्याही साहेबासमोर नुसता खड्डा दाखवत नाही. खड्ड्याशेजारी साहेबाच्या बंगल्यासमोरचा रस्ता दाखवतो. हे त्यांनी दिलेलं हत्यार आहे, आणि मी ते आजपर्यंत खाली ठेवलेलं नाही.

ताऱ्यांचा नाद बाईंना याच नोकरीत लागला. हिवाळ्यात गोदामातून निघेपर्यंत अंधार पडायचा आणि बालाघाटची बस वेळेवर यायची नाही. दिवसभर दाणे निवडलेली नजर रिकामी बसेना. ती वर जायची. मग त्यांनी नागपूरहून आकाशावरचं एक मराठी पुस्तक मागवलं. त्यात लिहिलं होतं, ताऱ्यांच्याही प्रती असतात.

"शब्दसुद्धा तोच हो!" हे सांगताना त्यांचा चेहरा एकदम कोवळा व्हायचा. "पहिल्या प्रतीचा तारा, दुसऱ्या प्रतीचा तारा. जेमतेम डोळ्याला दिसेल तो सहाव्या प्रतीचा. मला वाटलं, अरे, हे तर आपलंच खातं!"

एका प्रतीचा फरक म्हणजे उजेडात जवळजवळ अडीच पट. आकडा लहान तेवढा तारा ठळक, आणि पहिल्याहूनही ठळक निघाला तर शून्य, शून्याच्या खाली उणे. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा विचारलं, "म्हणजे एखादा तारा मंदावला तर तो दोन नंबरचा झाला म्हणायचं का?" आमच्याकडे दोन नंबरचा माल म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाई हसल्या नाहीत. "वरती कोणी दोन नंबरचं काही करत नाही," म्हणाल्या. "ती सोय इथेच."

आणि उजेड ही एक बाजू झाली. दुसरी बाजू रंगाची. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, लाल म्हणजे गरम. लॉजमध्ये गरम पाण्याच्या नळाला लाल खूण असते ना! बाईंनी मला त्यांच्या गच्चीवर उभं करून मृग दाखवला. चार पायांचा, पोटात तीन ताऱ्यांचा बाण घुसलेला. त्याचा एक पाय तांबूस, तो तारा काक्षी. समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा, तो राजन्य.

"यात गरम कुठला?"

"तांबूस."

"चूक. तांबूस काक्षी साडेतीन हजार अंशांची. निळसर राजन्य बारा हजारांचा. आपला सूर्य पिवळट, दोघांच्या मधला. लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. तारेही तसेच. त्याहून तापले की निळे."

परदेशातल्या एका वेधशाळेत शंभरेक वर्षांपूर्वी पगारी बायांनी काचेच्या पट्ट्यांवर उमटलेला ताऱ्यांचा उजेड एकेक करून तपासला आणि लाखो तारे गरम ते थंड असे इंग्रजी अक्षरांत लावले, हे बाई फार अभिमानानं सांगायच्या. अक्षरं उलटीपालटी आहेत, ओ, बी, ए, एफ असं काहीतरी, कारण आधी लावलेला क्रम नंतर चुकीचा निघाला आणि अक्षरं तशीच ठेवून जागा बदलल्या. "नमुना तपासणाऱ्या बायाच त्या," बाई म्हणायच्या. "फक्त त्यांचं गोदाम मोठं होतं."

बाई निवृत्त झाल्या, यजमान वारले, मुलगा देवेंद्र नोकरीसाठी रायपूरला गेला. बाई बालाघाटच्या घरात एकट्या राहिल्या आणि रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊ लागल्या. दुर्बीण नाही. कोणाला विकत घेऊही दिली नाही. दोन तारे घ्यायचे, शेजारी तोलायचे, कोण किती उजळ ते मनाशी ठरवायचं. शेजारच्या बायका आधी हसल्या, मग त्यांच्यातल्या पुष्पलताकाकू स्वतःच वर येऊ लागल्या.

मग डोळ्यांचं निघालं. डॉक्टरनं सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू, पिकत आलाय. देवेंद्र धावत आला. चांगला मुलगा आहे, पण काळजी करणारी माणसं कधीकधी फौजदारासारखी बोलतात. म्हणाला, "आई, ऑपरेशन करायचं नाही म्हणतेस, दिसत नाही हे कबूल करत नाहीस. जिन्यावरून पडलीस तर? चल रायपूरला. घर बंद करू."

बाईंनी मला बोलावून घेतलं. देवेंद्रसमोरच म्हणाल्या, "या डोळ्यांना मी इतकी वर्षं शिकवलंय. आत प्लास्टिकचं भिंग बसवलं तर ते माझं ऐकेल का? आणि दिसत नाही कोण म्हणतं? मला सगळं दिसतं."

देवेंद्र म्हणाला, "दिसतं तर ठीक. आता मी जातो, पण फेब्रुवारीच्या शेवटी परत येतो. तोवर ऑपरेशन, नाहीतर दिसतं याचा पुरावा. दोन्ही नसलं तर घराला कुलूप."

हे सगळं सन दोन हजार एकोणीस सरता सरता घडलं. आणि त्याच हिवाळ्यात बाईंना काक्षी मंद दिसू लागली.

त्या कोणाला बोलल्या नाहीत. मला कळलं ते संक्रांतीनंतर. आमचं तेव्हा बालाघाटला कचेरीसमोर धरणं चालू होतं. रेशनचं दुकान गावातून उचलून लांब नेलं होतं, म्हाताऱ्यांनी पोतं वाहायचं कसं? बायामाणसं दिवसभर बसायची, अंधार पडला की शेकोटी पेटवायची. एका संध्याकाळी ऑटोतून बाई उतरल्या. शाल, काठी, आणि नेहमीची ती नजर.

"गजेंद्र, मला डोळे हवेत. वीसेक जोड्या. धडधाकट."

"बाई, काय झालं?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज पहिल्यांदाच जरा हलला होता. "काक्षी नेहमी रोहिणीपेक्षा उजळ असते. यंदा ती मला रोहिणीपेक्षा मंद दिसते आहे. एक तर तारा मंदावला, नाहीतर माझा डोळा गेला. डोळा गेला असेल तर मी निमूट रायपूरला जाईन. खोटं बोलून या घरात राहणार नाही. पण आधी मला कळलं पाहिजे."

मी म्हटलं, "मग मी बघून सांगतो ना."

"तुम्ही मला बरं वाटेल ते सांगाल. मला अशी माणसं हवीत, ज्यांना माझं काही पडलेलं नाही."

राग आला मला. पण बाई खरं बोलत होत्या.

मी धरण्यावर उभा राहून सांगितलं. शेकोटीजवळून महागूबाबा उठले, वय सत्तरीपुढचं. "अंगठा कुठं लावाचा?"

"अंगठा नाही, बाबा. वर बघाचं."

"वर बघून राह्यलो जी जनमभर. काई भेटलं नाही."

सगळे हसले. शांताबाई, आमच्या धरण्याच्या खऱ्या पुढारी, पदर खोचून पुढे आल्या. "रोहिणी म्हणता बाई? मे महिन्यात रोहिणी लागते तवा आमी वावराच्या धुऱ्यावर उभे राहून ढग पाहतो. थे तर नक्षत्र होय. आता जानेवारीत कुठून आली?"

बाई खूश झाल्या. "मे महिन्यात सूर्य रोहिणीपाशी असतो, म्हणून नक्षत्र लागलं म्हणतात. तेव्हा रोहिणी दिवसा उगवते आणि दिवसाच मावळते, दिसतच नाही. बघायची तर आत्ता. ती बघा."

"अगं माय! म्हणजे जवा तिचं नाव घेतो तवाच थे दिसत नाही?"

"बरोब्बर."

"माह्या नवऱ्यासारखी झाली." धरणं पुन्हा हसलं.

मग बाईंनी काठीनं दोन तारे दाखवले. नावं सांगितली, पण त्यांना स्वतःला काय दिसतं ते सांगितलं नाही. म्हणाल्या, शेकोटीकडे पाठ करा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग ज्यांना काक्षी उजळ वाटते त्यांनी डावीकडे जावं, ज्यांना रोहिणी उजळ वाटते त्यांनी उजवीकडे. एकमेकांना विचारायचं नाही. बाई स्वतः तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

पावलं वाजली. कुजबुज, ढकलाढकल. "तू काहून माह्या मागं येऊन राह्यली? आपल्या डोयानं बघ ना!" मग शांत झालं.

"झालं," मी म्हटलं. बाई वळल्या.

सगळे उजवीकडे होते. डावीकडे एकटे महागूबाबा, बोट खाली क्षितिजाकडे. "हाच सगळ्यात चमकून राह्यला ना?"

"बाबा, तो व्याध! तो या दोघांत नाहीच!"

"मंग त्याले काहून उमेदवारी नाही देली?"

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले, वर कोणाला नव्हे, समोरच्या बायांना. "तारा मंदावला," त्या म्हणाल्या. "माझा डोळा नाही, ताराच मंदावला!"

पुढे पेपरातही आलं की काक्षी जगभर सगळ्यांनाच मंद दिसते आहे, आणि पुढे असंही आलं की ताऱ्यानं स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीनं स्वतःचं तोंड झाकलं होतं. पण त्या संध्याकाळी कचेरीसमोर ते आम्हांला ठाऊक नव्हतं. आम्ही आपले टाळ्या वाजवत होतो.

बाईंना चेव चढला. त्या शिकवू लागल्या. "आणि मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यापुढे पिवळी काच. पिवळी काच निळा उजेड आधी खाते, तांबडा शेवटी. डोळा बिघडला असता तर तांबूस काक्षी सगळ्यात शेवटी मंद झाली असती. आधी निळे तारे गेले असते."

"काक्षी तांबूस म्हणजे गरम ना जी?" शांताबाईंनी विचारलं.

"तुमच्या गॅसच्या शेगडीचा जाळ कसा असतो?"

"निळा."

"आणि विझत आलेला निखारा?"

"लाल. हौ, खरंच बाप्पा! निळा जास्त तापते."

महागूबाबांना पटेना. "थंडा असून इतका दिसते कसा मंग?"

"बाबा, भाताच्या तणसाचा अख्खा ढीग पेटला तर?"

"गावभर उजेड पडन."

"पण त्याची आच वेल्डिंगच्या ठिणगीएवढी असते का? काक्षी तणसाचा ढीग आहे. आच कमी, पण आकार अवाढव्य. राजन्य बघा, तो खाली, दक्षिणेकडचा. तो वेल्डिंगवाला."

आणि इथे मी तोंड उघडलं. मला वाटलं, जिंकलोच आहोत तर अजून एक फेरी होऊन जाऊ दे. "बाई, आता राजन्य आणि रोहिणी लावा ना. कोण मोठा?"

बाईंनी दक्षिणेकडे पाहिलं. "पुस्तकात राजन्य वरचढ आहे. पण इथून तो रोहिणीच्या बरोबरीचाच दिसतो. खाली आहे ना, राइस मिलच्या भुशाचा धूर आडवा येतो. कितीतरी हिवाळे असंच दिसतंय."

"लावून तर बघू."

कोणाला अंधाराची सवय लागायची वाट बघावी लागली नाही. अख्खं धरणं एका झटक्यात राजन्याच्या बाजूला गेलं. शांताबाई तर चिडल्याच. "हे काय विचारनं झालं? हा कुठं अन् थे रोहिणी कुठं! आन धूर कुठाय जी? मिल तर बंद हाय आज. हा तर कसा निळा-पांढरा दिसून राह्यला, आमच्या शेगडीसारखा!"

कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि राजन्याकडे बघत राहिल्या. आत्ताच त्यांनी स्वतः सांगितलं होतं, डोळा बिघडला तर आधी निळे तारे जातात. त्यांना तो निळा दिसतच नव्हता. धूर नव्हता. कितीतरी हिवाळे तो धूर नव्हताच, डोळाच होता.

मी सावरायला गेलो. "बाई, यांचं काही खरं नाही, महागूबाबांनी मघाशी..."

"गप्प बसा, गजेंद्र," त्या शांतपणे म्हणाल्या. "तांदूळ परत पाठवताना मी कोणाचं ऐकलं होतं का?" मग शांताबाईंकडे वळल्या. "तारा मंदावला हे खरं. आणि माझा डोळा पिकला हेही खरं. दोन्ही एकदम असू शकतं, एवढं माझ्या लक्षात आलं नाही. बरं झालं तुम्ही भीड धरली नाहीत."

शांताबाई घाबरल्या. त्यांना कळेना आपण काय पाप केलं. बाईंनी त्यांचा हात धरला. "ऑपरेशनला सोबत येता का? मला भीती वाटते."

एवढ्या वर्षांत मधुवंतीबाईंच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

शांताबाई गेल्या. पुष्पलताकाकू गेल्या. फेब्रुवारीत गोंदियाला ऑपरेशन झालं, आधी जास्त पिकलेला उजवा डोळा. वाटेत गाडीत शांताबाई बाईंना इतकं बोलत राहिल्या की बाईंना घाबरायला सवडच मिळाली नाही, असं काकू सांगतात. आमचं रेशनचं दुकान अजून परत आलं नव्हतं, पण धरण्यावरच्या बायांनी ठरवून रोज एकीला बाईंकडे स्वयंपाकाला पाठवलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या चळवळीत मी न सांगता झालेली ही पहिलीच गोष्ट असेल, आणि तिचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीस देवेंद्र आला. रिकामी सुटकेस घेऊन आला होता. संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर गेलो. देवेंद्र, काकू, शांताबाई आणि मी. मृग ऐन डोक्याशी आलेला. डॉक्टरनं हिरवा चष्मा दिला होता, उन्हासाठी. तो काढून बाईंनी डावा डोळा हातानं झाकला आणि नव्या डोळ्यानं राजन्याकडे पाहिलं.

मग बाईंनी हात डाव्यावरून उजव्यावर नेला, जुन्या डोळ्यानं पाहिलं; पुन्हा बदलला. एकाच कपाळाखाली दोन ताटं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"आई, दुखतंय का?" देवेंद्रनं विचारलं.

"इतका निळा होता," बाई म्हणाल्या. "इतका निळा होता आणि मी धुराला शिव्या देत बसले."

शांताबाईंनी मागून पदरानं त्यांचे गाल पुसले. "डोयाले पानी लागू द्यायचं नाही म्हनला ना डॉक्टर!"

"शांताबाई," बाई म्हणाल्या, "तुमचं मी कसं फेडू?"

"फेडाचं काय त्यात? दिसलं थे सांगतलं." मग पदर आवरत, "दुसऱ्या डोयाच्या वेळी बी मीच येईन. काकूले गाडी लागते."

देवेंद्र आकाशाकडे बघत होता. बाईंनी त्याला विचारलं, "तुला कसा दिसतो राजन्य?"

"पांढरा."

"नीट बघ."

"पांढराच आहे, आई."

"मला निळा दिसतो," बाई म्हणाल्या. नवं भिंग स्वच्छ असतं. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत वयानं थोडी पिवळी झाक येतेच, देवेंद्रच्याही आलेली असणार. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता सांग, कोणाला कोणाकडे न्यायचं?"

देवेंद्र आधी हसला, मग आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सुटकेस रिकामी परत जाऊ नये म्हणून काकूंनी त्यात लोणच्याची बरणी आणि चिन्नोर तांदूळ भरला. रायपूरच्या गाडीत तो एकटाच बसला.